हायब्रिड गाडी : जादा पैसे केव्हा वसूल होतात?

नवी गाडी घ्यायची म्हटली की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती देते?’ एका लिटरमध्ये किती किलोमीटर, हा तो हिशेब. पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडल्यापासून या प्रश्नाला धार आली आहे. याच प्रश्नाच्या उत्तरात हल्ली शोरूममध्ये ‘हायब्रिड’ हा शब्द पुढे केला जातो. सत्तावीस-अठ्ठावीसचा आकडा दाखवला जातो, चार्जिंगची कटकट नाही असे सांगितले जाते आणि त्याच गाडीच्या साध्या प्रकारापेक्षा दोन-अडीच लाख रुपये जास्त मागितले जातात. हे जादा पैसे परत मिळतात का, आणि मिळाले तर किती वर्षांत, याचे एकच एक उत्तर नाही. गाडी कुठे चालते आणि वर्षाला किती चालते, यावर ते अवलंबून आहे. त्यासाठी आधी बॉनेटखाली काय घडते, ते पाहायला हवे.

नाव एक, प्रकार दोन

‘हायब्रिड’ या एकाच शब्दाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली ‘माइल्ड हायब्रिड’. हिच्यात छोटी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या जागी बसवलेली छोटी मोटर असते. सिग्नलला इंजिन बंद करणे, ते हळुवार सुरू करणे आणि वेग घेताना थोडा हातभार लावणे एवढेच तिचे काम. नुसत्या विजेवर ती गाडी हलवू शकत नाही.

दुसरी ‘स्ट्राँग हायब्रिड’. हिच्यातली मोटर आणि बॅटरी एकट्याने गाडी ओढू शकतात. वाहतूक कोंडीत गाडी बराच वेळ इंजिन बंद ठेवून नुसत्या विजेवर सरकते. बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. इंजिन आणि ब्रेक मिळून ती भरतात. भारतात ज्या गाड्यांना ‘हायब्रिड’ म्हणून मोठा आकडा चिकटवलेला दिसतो, त्या या दुसऱ्या प्रकारातल्या. माहितीपत्रकावर ‘स्मार्ट हायब्रिड’ असे लिहिले असेल, तर ती बहुधा माइल्ड असते. किमतींची तुलना करताना हा फरक सुटला, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

वाया जाणारी ऊर्जा कुठून येते?

सुमारे तेराशे किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असते, तेव्हा तिच्या गतीत साधारण ३५ वॅट-तास एवढी ऊर्जा साठलेली असते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात संपते. पुढच्या सिग्नलनंतर तोच वेग पुन्हा पेट्रोल जाळून मिळवावा लागतो. शहरात हा खेळ दिवसभर चालतो.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये ब्रेकवर पाय ठेवताच मोटर उलटे काम करू लागते. चाके तिला फिरवतात आणि ती जनित्र होऊन वीज बनवते. ही वीज बॅटरीत जाते आणि गाडी पुन्हा निघताना वापरली जाते. सगळी ऊर्जा परत मिळत नाही, पण मोठा वाटा वाचतो.

दुसरी बचत इंजिनाच्या रचनेत आहे. या गाड्यांत बहुधा ‘अॅटकिन्सन’ पद्धतीचे इंजिन असते. ते कमी इंधनात जास्त काम करते, पण कमी वेगात त्याची ओढ कमी पडते. ती उणीव विजेची मोटर भरून काढते. इंजिनाला त्याच्या सोयीच्या वेगातच चालवायचे आणि गैरसोयीच्या वेळी बंद ठेवायचे, असा हा कारभार आहे.

यात बॅटरी किती छोटी असते, हेही लक्षात घ्यायला हवे. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारांत बॅटरीची क्षमता ०.७६ युनिट आहे. पूर्ण विजेच्या गाडीत ती तीस-चाळीस युनिट किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे हायब्रिडमधली बॅटरी ही पाण्याची टाकी नाही, हातातला तांब्या आहे. तो सतत भरतो आणि सतत रिकामा होतो. जिथे थांबणे-निघणे जास्त, तिथे त्याचा उपयोग जास्त.

बाजारात काय आहे?

‘परवडणारी’ हा शब्द इथे जपूनच वापरायला हवा. भारतातली सर्वांत स्वस्त स्ट्राँग हायब्रिड गाडीही शोरूमच्या किमतीत साडेसोळा लाख रुपयांच्या आसपास सुरू होते. या टप्प्यात मुख्यतः चार नावे येतात.

टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या दोन्ही सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आल्या. दोघींची यंत्रणा एकच आहे : दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि सोबत विजेची मोटर, दोन्ही मिळून सुमारे ११६ अश्वशक्ती. दोन्ही गाड्या कर्नाटकातल्या बिडदी इथल्या टोयोटाच्या कारखान्यात बनतात. प्रमाणित आकडा लिटरमागे २७.९७ किलोमीटर. सुरुवातीची किंमत साडेसोळा लाखांच्या आगेमागे, तर वरचे प्रकार वीस लाखांच्या जवळ जातात. चारही चाकांना शक्ती देणारा प्रकार हवा असेल, तर तो या दोघींच्या माइल्ड हायब्रिडमध्ये मिळतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये फक्त पुढची चाके ओढतात.

मारुती व्हिक्टोरिस सप्टेंबर २०२५ मध्ये आली. यंत्रणा वरच्याच घराण्यातली, प्रमाणित आकडा २८.६५. तिच्याही स्ट्राँग हायब्रिडची किंमत साडेसोळा लाखांच्या आतबाहेर सुरू होते. ‘भारत एनकॅप’ या अपघात चाचणीत तिला पाच तारे मिळाले आहेत. सुरक्षिततेला पहिले स्थान देणाऱ्या कुटुंबासाठी ही मोठी गोष्ट आहे.

होंडा सिटी हायब्रिड मे २०२२ मध्ये आली. तिची किंमत सुमारे साडेएकोणीस लाख आहे. यंत्रणा वेगळ्या धाटणीची आहे. शहरातल्या वेगात इंजिन बहुतेक वेळ नुसती वीज बनवते आणि चाके मोटरच फिरवते. महामार्गावर एका ठरावीक वेगानंतर इंजिन थेट चाकांना जोडले जाते. मोटरची ओढ २५३ न्यूटन-मीटर असल्यामुळे सिग्नलवरून निघताना गाडी चपळ वाटते. पुढच्या वाहनाशी धडक होण्याची शक्यता दिसली तर आपोआप ब्रेक लावणे, लेन सोडली तर सावध करणे, अशा सोयीही तिच्यात आहेत.

या चौघींच्या वर टोयोटा इनोव्हा हायक्रॉस आणि तिची बहीण मारुती इन्व्हिक्टो आहेत. दोन लिटरचे इंजिन, प्रमाणित आकडा २३.२४ आणि सात-आठ माणसांची जागा. पण किंमत पंचवीस लाखांच्या घरात किंवा त्यापुढे जात असल्यामुळे त्या परवडणाऱ्या यादीत बसत नाहीत.

जागेची किंमतही मोजा

माहितीपत्रकातला आकडा मोठा दिसतो, डिकीचा आकडा मात्र फारसा कोणी पाहत नाही. बॅटरी मागे बसवल्यामुळे तिथली जागा घटते. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची, हायब्रिड सिटीची ३०६ लिटरची. हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्या साध्या प्रकारांत ती ३७३ लिटर, स्ट्राँग हायब्रिडमध्ये २६५ लिटर. गणपतीला गावी जाताना चार माणसांचे सामान, फळांच्या पेट्या आणि आजीची चाकाची खुर्ची न्यायची असेल, तर हा फरक जाणवतो. शोरूममध्ये डिकी उघडून आपल्या घरातली मोठी बॅग ठेवून पाहणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय.

सोयींच्या यादीचेही तसेच. मोठे काचेचे छत, हवा खेळती ठेवणाऱ्या खुर्च्या, चारी बाजूंनी दाखवणारा कॅमेरा या गोष्टी बहुधा वरच्या प्रकारांत असतात. जाहिरातीतली किंमत सर्वांत खालच्या प्रकाराची आणि छायाचित्र सर्वांत वरच्या प्रकाराचे, हे सर्रास दिसते. त्यामुळे तुलना नेहमी समान सोयींच्या दोन प्रकारांत करावी.

२८ चा आकडा रस्त्यावर किती उरतो?

प्रमाणित आकडे खोटे नसतात, पण ते प्रयोगशाळेतले असतात. पुण्यातील ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ म्हणजे ‘एआरएआय’सारख्या संस्थांत गाडी रोलरवर ठेवून ठरावीक पद्धतीने चालवली जाते. चाचणी सुमारे वीस मिनिटांची असते, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि एसी बंद. मे महिन्यातल्या पुण्यात एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतो? शिवाय चढ, खड्डे, भरलेली गाडी आणि चालकाचा उतावळा पाय यांचा हिशेब तिथे नसतो.

त्यामुळे २८ च्या जागी रोजच्या वापरात वीस-बावीस धरणे शहाणपणाचे. साध्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीचा शहरातला आकडाही असाच घसरतो आणि बारा-चौदावर येतो.

जादा अडीच लाखांचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घेऊ या. समान सोयींच्या साध्या ऑटोमॅटिक गाडीपेक्षा स्ट्राँग हायब्रिड अडीच लाख रुपयांनी महाग आहे, पेट्रोल लिटरमागे १०४ रुपये आहे, शहरात साधी गाडी १३ आणि हायब्रिड २१ किलोमीटर देते, असे धरले तर साध्या गाडीचा खर्च किलोमीटरमागे ८ रुपये आणि हायब्रिडचा सुमारे ४ रुपये ९५ पैसे येतो. म्हणजे दर किलोमीटरला तीन रुपयांहून थोडी जास्त बचत.

ठाण्याहून अंधेरीला रोज गाडीने जाणाऱ्या माणसाचे वर्षाला १२ हजार किलोमीटर सहज होतात. त्याचे वर्षाला सुमारे साडेछत्तीस हजार रुपये वाचतील आणि जादा अडीच लाख वसूल व्हायला जवळपास सात वर्षे लागतील. वर्षाला २० हजार किलोमीटर गाडी फिरत असेल, तर हीच वसुली चार वर्षांत होईल. पण रोज लोकलने जाणाऱ्या आणि गाडी शनिवार-रविवारीच काढणाऱ्या कुटुंबाची धाव वर्षाला सहा हजारांचीच असेल, तर साडेतेरा वर्षांहून जास्त काळ थांबावे लागेल. तोवर बहुतेक जण गाडी बदलतात.

कर्ज काढले, तर चित्र आणखी बदलते. अडीच लाखांवर ९ टक्के दराने पाच वर्षांचे व्याज सुमारे ६१ हजार रुपये होते. म्हणजे जादा खर्च तीन लाख अकरा हजारांवर जातो. १२ हजार किलोमीटरवाल्याची वसुली सात वर्षांवरून साडेआठ वर्षांवर सरकते.

धाव मुख्यतः महामार्गावर असेल, तर फरक आणखी कमी होतो. एकसारख्या वेगात ब्रेक कमी लागतात, त्यामुळे परत मिळवायला ऊर्जाच कमी उरते. तिथे साधी गाडी १७ आणि हायब्रिड २१ देते असे धरले, तर वर्षाला १२ हजार किलोमीटरवर बचत फक्त १४ हजार रुपयांची. वसुलीला जवळपास अठरा वर्षे लागतील. पुणे-मुंबई दर आठवड्याला करणाऱ्याने आणि पुण्यातच रोज कात्रज ते हिंजवडी करणाऱ्याने एकच गाडी घेणे म्हणूनच बरोबर ठरेलच असे नाही.

सीएनजीलाही या हिशेबात जागा द्यायला हवी. किलोला ८५ रुपये दर आणि शहरात किलोमागे २० किलोमीटर धरले, तर खर्च किलोमीटरला सव्वाचार रुपये येतो, म्हणजे हायब्रिडपेक्षाही कमी. गाडीची किंमतही कमी. बदल्यात पंपावरची रांग आणि बहुतेक गाड्यांत सिलिंडरने खाल्लेली डिकी स्वीकारावी लागते. घरी चार्जिंगची सोय असेल, तर विजेची गाडी चालवण्याच्या खर्चात दोघींनाही मागे टाकते. सोसायटीत चार्जिंगची परवानगी मिळत नसलेल्या, सीएनजीच्या रांगेत थांबायला वेळ नसलेल्या आणि शहरात भरपूर फिरणाऱ्या माणसाला हायब्रिडचा खरा फायदा होतो.

कराचा काटा

हायब्रिड महाग असण्यामागे कराचाही वाटा आहे. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. या आकाराच्या हायब्रिडवर पूर्वी अधिभार धरून ४३ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्रात मात्र हायब्रिडला पेट्रोल गाडीसारखाच एकरकमी कर भरावा लागतो. दहा ते वीस लाखांच्या गाडीवर तो १२ टक्के आहे. म्हणजे साडेसोळा लाखांच्या गाडीवर जवळपास दोन लाख रुपये. विमा धरला की रस्त्यावर येईपर्यंत गाडी एकोणीस लाखांच्या आसपास पोहोचते. जाहिरातीतल्या किमतीवर बजेट आखणाऱ्याने हा काटा आधीच लक्षात घ्यावा.

हायब्रिडचा महाराष्ट्राशी आणखी एक धागा जुळतो आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांचा कारखाना उभारण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे.

फुप्फुसांच्या हिशेबात

पैशांखेरीज दुसरा हिशेब हवेचा. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वरच्या उदाहरणातली गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालून सुमारे ३५० लिटर पेट्रोल वाचवते, म्हणजे आठशे किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड टळतो.

तब्येतीशी जास्त जवळचा प्रश्न धुरातल्या इतर घटकांचा आहे. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला त्रास देतो आणि दमा असलेल्यांचे हाल वाढवतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. अडीच मायक्रॉनपेक्षा छोटे कण फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचतात. या कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारतातली मर्यादा ४० आहे. सिग्नलला उभा असलेला वाहतूक पोलीस, दुचाकीवर पुढे बसलेले मूल आणि फुटपाथवरचा भाजीवाला यांच्या नाकाशी हा धूर येतो, तो गाड्या थांबलेल्या आणि रेंगाळत असताना. नेमक्या त्याच वेळी हायब्रिडचे इंजिन बहुधा बंद असते. ब्रेकही कमी घासले जात असल्याने त्यांची धूळ कमी होते.

पण हायब्रिड म्हणजे धूरमुक्त गाडी नव्हे. तिला लागणारी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. त्यामुळे गार इंजिन सुरू झाल्यावरचे पहिले काही क्षण हायब्रिडमध्येही प्रदूषणाचेच असतात. टायर झिजून उडणारी धूळ तर कुठल्याच गाडीत टळत नाही. बस आणि लोकलने जाणाऱ्या माणसाचा हवेवरचा भार कुठल्याही हायब्रिडवाल्यापेक्षा कमीच असतो.

घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

बॅटरी गेली तर काय, ही सर्वांत मोठी धास्ती. या तिन्ही कंपन्या हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यापैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी देतात. जुनी हायब्रिड घेणाऱ्याने या हमीतली किती वर्षे उरली आहेत आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी पूर्ण आहेत का, हे आधी तपासावे. मुदत संपल्यावर बॅटरी बदलायला किती खर्च येईल, हे नवी गाडी घेतानाच लेखी विचारून ठेवावे.

या गाड्यांत नेहमीची बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की ती उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. काही हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारी हवा गाडीच्या आतूनच, मागच्या सीटजवळच्या जाळीतून घेतली जाते. ती जाळी सामानाने झाकू नये आणि तिच्यावर धूळ साचू देऊ नये.

घाट उतरण्याचाही एक धडा आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. तेराशे किलोंच्या गाडीसाठी ही ऊर्जा जवळपास दोन युनिट होते. हवेच्या आणि टायरच्या अडथळ्यात त्यातली काही खर्ची पडते, तरी उरलेली पाऊण युनिटच्या बॅटरीत मावत नाही. बॅटरी भरली की मोटरची रोखून धरण्याची ताकद कमी होते आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. म्हणूनच हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या गिअरवर ‘बी’ हे अक्षर दिलेले आहे. उतारावर तो वापरला की इंजिनाचाही रोध मिळतो आणि ब्रेक तापत नाहीत.

गाडी ठरवण्याआधी दोन साध्या गोष्टी कराव्यात. सध्याच्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या काढून वर्षाला खरोखर किती किलोमीटर होतात, ते पाहावे. मनातला आकडा आणि पावतीवरचा आकडा सहसा जुळत नाही. मग टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर न घेता संध्याकाळी सहाला, एसी लावून, रोजच्याच वाटेवर घ्यावी. वर्षाला पंधरा हजारांहून जास्त किलोमीटर आणि त्यातले बहुतेक शहरी गर्दीतले असतील, तर हायब्रिडचे जादा पैसे वसूल होण्याची चांगली शक्यता आहे. त्याहून कमी असतील, तर तेच अडीच लाख बँकेत ठेवलेले बरे.